गोडा मसाला, अमेरिका आणि 'यूएस एजंट': प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

न्यू जर्सीच्या खरेदीदाराचा मेल आला. सॅम्पल पसंत. पहिली ऑर्डर २०० ग्रॅमच्या २,४०० पाऊचची, सगळा गोडा मसाला. माल एप्रिलमध्ये निघायला हवा. त्यांच्या कस्टम्स ब्रोकरने कागद मागितलेत, त्यात पहिलाच म्हणजे कारखान्याचा एफडीए रजिस्ट्रेशन नंबर.

सासूबाई म्हणाल्या, "आहे की आपलं एफडीएचं. साताऱ्याचे साहेब मागच्या वर्षीच बघून गेले." आपल्याकडे एफडीए म्हटलं की राज्याचं अन्न व औषध प्रशासन. हे अमेरिकेचं, वेगळं. पण त्याचंही आहे. ऑफिसात देवाच्या फोटोशेजारी फ्रेम लावलेली आहे, वर गरुड, खाली सोनेरी शिक्का. २०२१ मध्ये पुण्याच्या एका कन्सल्टंटने करून दिलं होतं, तेव्हाही अमेरिकेला माल जायचा होता आणि गेला नाही. नंबर अकरा अंकी हवा, मोजला, अकराच होता. फोटो काढून पाठवला आणि कांडपावर गेले. धने भाजायला आले होते.

६ फेब्रुवारी

ब्रोकरचं उत्तर दोन ओळींचं. हा नंबर चालू नाही. यावर माल पाठवला तर बंदरातच अडकेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

कन्सल्टंटचा जुना मोबाईल बंद. त्यांच्याकडे आधी काम करणाऱ्या एका मुलीने कागद शोधून दिले, तिचे उपकार. त्यातून जे कळलं ते असं. अमेरिकेत विकलं जाणारं अन्न बनवणाऱ्या, पॅक करणाऱ्या किंवा साठवणाऱ्या प्रत्येक कारखान्याने त्यांच्या एफडीएकडे नोंदणी करायची असते. २००२ च्या जैवदहशतवादविरोधी कायद्याने हे आलं. २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यात भर घातली: दर सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या तीन महिन्यांत नूतनीकरण करायचं. नाही केलं तर नोंदणी संपली. दंड भरून जिवंत करण्याची सोय नाही, पहिल्यापासून नवी करायची.

आमचं २०२२ मध्ये करायचं राहिलं. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ आम्ही एका मेलेल्या नंबरला रोज उदबत्ती दाखवत होतो.

आणखी एक कळलं. एफडीए असं प्रमाणपत्र देतच नाही. नोंदणीला फीसुद्धा नाही. गरुड आणि सोनेरी शिक्का त्या कन्सल्टंटच्या प्रिंटरचा.

सगळ्यात टोचलं ते अर्जाच्या शेवटी. 'यूएस एजंट' या रकान्यात एका माणसाचं नाव, अमेरिकेतला पत्ता, फोन, ई-मेल. हे नाव घरात कुणी कधी ऐकलेलं नाही. परदेशी कारखान्याला अमेरिकेत राहणारा किंवा तिथे प्रत्यक्ष कार्यालय असणारा असा एक प्रतिनिधी नेमावाच लागतो. एफडीएने त्याला जे कळवलं ते आम्हाला कळवलं असं धरलं जातं, आणि तो एफडीएला जे सांगेल ते आम्ही सांगितलं असं. नोंदणी जिवंत होती तोवर एक अनोळखी माणूस आमच्या तोंडाने बोलू शकत होता आणि आमच्या कानाने ऐकत होता. काय ऐकलं कोण जाणे.

१० फेब्रुवारी

सकाळी घरात बैठक. बैठक म्हणजे ओट्याजवळ चहा. वहिनींना (मोठ्या जाऊबाई, कारखाना त्याच बघतात) हे एका वाक्यात सांगायचं होतं. त्या एफएसएसएआयच्या (आपल्या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) कागदांत आमच्या नॉमिनी आहेत, भारताच्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ६६ खालची नेमणूक, म्हणून म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच, पण अमेरिकेत?"

तसं नाही. वहिनींवर कारखान्यात कायदा पाळला जातोय की नाही याची जबाबदारी आहे, गडबड झाली तर त्यांना जाब विचारतील. यूएस एजंटला मसाल्यातलं ओ की ठो कळलं नाही तरी चालतं. त्याचं काम मुख्यतः दाराचं. नोटीस त्याच्या दारावर डकवली की आमच्या दारावर डकवली असा अर्थ.

मग जीएसटीचं उदाहरण दिलं, ते लगेच पटलं. पोर्टलवर नोटीस टाकली की ती बजावली गेली असं कायदा म्हणतो. आम्ही एकदा दीड महिना लॉग-इन केलं नव्हतं आणि मुदत उलटून गेली होती. वहिनींनी कपाळाला हात लावला. "तसलं पुन्हा नको."

दुपारी डन्स नंबरचा अर्ज भरला. डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही खासगी कंपनी देते तो नऊ अंकी ओळख क्रमांक, २०२० च्या नूतनीकरणापासून एफडीए कारखान्याची ओळख त्यावर पटवते. अर्जातलं नाव-पत्ता आणि डन्सच्या नोंदीतलं नाव-पत्ता जुळायला हवं.

१७ फेब्रुवारी

एजंट कोण? तीन वाटा दिसतात.

खरेदीदार स्वतःहून तयार आहे, "आम्ही इतरांसाठीही करतो" म्हणाला. फुकट आणि सोपं. पण उद्या आम्ही दुसऱ्या कुणाला माल द्यायला लागलो तर? त्या मालाबद्दलची पत्रंही याच्याच टेबलावर जाणार. आपल्या दुकानाची टपालपेटी गिऱ्हाइकाच्या घरात कशाला लावायची?

दुसरी वाट, पैसे घेऊन हेच काम करणाऱ्या संस्था. ढीगभर आहेत. तिघींकडून दर मागवले, एकीचा आकडा दुसरीच्या तिप्पट.

तिसरी वाट म्हणजे नणंदबाई. ताई न्यू जर्सीत एडिसनला राहतात, हॉस्पिटलात नर्स आहेत. सासूबाईंचा कौल अर्थात तिकडे. "घरचं माणूस असताना परक्याला पैसे?" रात्री फोन झाला. ताई हसल्या, "अगं, दे की माझं नाव, त्यात काय एवढं!"

मला त्या 'त्यात काय एवढं'चीच धास्ती वाटली. बोलले नाही.

१८ फेब्रुवारी

ब्रोकरशी बोलताना नवा गोंधळ. तो सारखं 'एफएसव्हीपी' म्हणत होता, मला वाटलं यूएस एजंटलाच तसं म्हणतात. नाही. एफएसव्हीपी म्हणजे परदेशी पुरवठादाराची पडताळणी, आणि ती आयातदाराची जबाबदारी. आमचा मसाला सुरक्षित आहे हे तपासून कागद ठेवायचे ते खरेदीदाराने. त्यात आमच्याकडून जंतूंच्या चाचणीचे रिपोर्ट, वाफेच्या प्रक्रियेच्या नोंदी वगैरे जाणार. मसाल्यांना साल्मोनेलाची भीती मोठी, त्यासाठी एफडीएची इम्पोर्ट अलर्टची यादीच आहे, ९९-१९. तीत नाव गेलं की माल तपासायच्या आधीच अडवतात. हे सगळं वेगळ्या फायलीत. इथे फक्त एवढंच लिहून ठेवते की आयातदाराची जबाबदारी एक आणि आमचा एजंट दुसरा. एकच माणूस दोन्ही असू शकतो म्हणून सगळे घोळ घालतात.

२५ फेब्रुवारी

डन्स नंबर आला. पत्ता बघून हसावं की रडावं. आमचा कारखाना गावात गट नंबरवर आहे. त्यांनी 'गट नंबर'चं 'गेट नंबर' केलंय. तीन अंकी गेट! वाचणाऱ्याला वाटेल आमचं विमानतळ आहे. गावाच्या नावात एक एच जास्त, आणि तालुका व जिल्हा दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेत.

दुरुस्तीचा अर्ज केला. सोबत वीजबिल, जीएसटी प्रमाणपत्र, एफएसएसएआय परवाना. तिन्हींवर पत्ता तीन तऱ्हांनी लिहिलाय हे पहिल्यांदाच नीट बघितलं. वीजबिलावर सासऱ्यांचं नाव, तेही 'कै.' न लावता.

५ मार्च

दुरुस्तीची वाट बघतेय. तेवढ्यात लेबल. गोड्या मसाल्यात तीळ आहे, आणि १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तीळ ही नववी मुख्य ॲलर्जी. लेबलवर लिहावीच लागते. हिंगाचं वहिनींनी आठवण करून दिली म्हणून बरं. आपल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणजे गहूही लिहायचा. खोबऱ्याचं मी जुन्या नमुन्यावरून 'ट्री नट' म्हणून टाकलं होतं, ब्रोकर म्हणाला काढा. या जानेवारीतच एफडीएने खोबरं त्या यादीतून वगळलंय. घटकांत मात्र राहणारच.

१२ मार्च

डन्सची दुरुस्ती झाली. 'गट' परत गट झाला. एच मात्र राहिलाय. आता एफडीएच्या अर्जातही एच घालून टाकते. जुळणं महत्त्वाचं, शुद्धलेखन नंतर. (मराठीचे सर, माफ करा.)

उद्या होळी. कांडप दोन दिवस बंद.

१५ मार्च, शनिवार

नोंदणीचा अर्ज भरला, स्वतःच. लॉग-इन कंपनीच्या ई-मेलवरून काढलं, माझ्या नाही आणि कुठल्याही कन्सल्टंटच्या तर नाहीच. पासवर्ड वहिनींच्या डायरीत. यूएस एजंट: ताई.

अर्ज भरला म्हणजे नंबर मिळाला असं नाही. आधी एफडीए एजंटला मेल पाठवून विचारते, तुम्हाला हे मान्य आहे का. एजंटने होकार दिल्याशिवाय नंबर देत नाहीत. ही पडताळणी २०१६ च्या नियमाने आली. कुणाचंही नाव न विचारता टाकायची सोय राहू नये म्हणूनच असणार. मग २०२१ चा तो आमचा अनोळखी माणूस? त्याला विचारलं असेल, त्याने हो म्हटलं असेल. आम्हालाच कुणी विचारलं नव्हतं.

१८ मार्च

मेल गेलाय, उत्तर नाही. ताईंची रात्रपाळी चालू आहे. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा, पण उत्तर नाही.

२० मार्च

रात्री अकराला ताईंचाच फोन. मेल स्पॅममध्ये होता, आज सापडला. तो उघडून त्यांनी सगळं वाचलं, जोडलेल्या लिंकसकट. नर्स आहे, फॉर्म वाचल्याशिवाय सही न करणं त्यांच्या हाडात आहे. आवाज एकदम निराळा होता.

"हे बघ, इथे लिहिलंय कारखान्याची पुन्हा तपासणी करावी लागली तर तिची फी एजंटकडून घेणार. माझ्याकडून?"

हो. पहिल्या तपासणीत दोष सापडले आणि त्यामुळे पुन्हा यावं लागलं तर परदेशी कारखान्याच्या बाबतीत कायद्याने बिल यूएस एजंटच्या नावाने निघू शकतं. मी सांगितलं की तसं झालं तर पैसे आम्ही देऊ. त्या म्हणाल्या, देणारच तुम्ही, पण बिल माझ्या दारात, माझ्या नावाने. आणि दिवसा मी झोपलेली असते. फोन कोण उचलणार? शिवाय जूनमध्ये आम्ही घर बदलतोय.

मग हळूच, "आईला तूच सांग गं."

मला खरं तर हायसं वाटलं. होकार देऊन मेल न बघणाऱ्या माणसापेक्षा वाचून नकार देणारं माणूस हजारपट बरं. पण सासूबाईंना हे सांगायला मला एक दिवस लागला.

२१ मार्च

सांगितलं. सासूबाई बराच वेळ गप्प. मग, "तिची रात्रपाळी असते हे मला आधी सुचायला हवं होतं." विषय संपला.

२४ मार्च, सोमवार

आता संस्था. दर बाजूला ठेवले आणि एकच परीक्षा घ्यायची ठरवली. एजंट म्हणजे नुसती टपालपेटी चालत नाही, आन्सरिंग मशीनही नाही, तिथे प्रत्यक्ष माणूस हवा. हे एफडीएच्या नियमातच लिहिलंय. तर मग फोन लावून बघू.

संध्याकाळी साडेसातला बसले. न्यू जर्सीत सकाळचे दहा. (९ मार्चला त्यांची घड्याळं पुढे गेली. आधी हाच दहाचा फोन आपल्या साडेआठला पडायचा. हे मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.)

पहिली संस्था, सगळ्यात स्वस्त: रेकॉर्ड केलेला आवाज, एक दाबा, दोन दाबा, मग संगीत, मग 'निरोप ठेवा'. ठेवला.

दुसरी, सगळ्यात महाग: मुलीने तिसऱ्या रिंगला उचलला. गोड बोलली. मी विचारलं, आमच्या कारखान्याबद्दल एफडीएचा मेल आला तर तुम्ही काय करता? म्हणाली, आमच्या सिस्टीममध्ये अपलोड होतो, तुम्ही लॉग-इन करून बघायचा. म्हणजे पुन्हा पोर्टलच! कळवत नाही का? त्यासाठी वरचं पॅकेज.

तिसरी, मधल्या दराची: एका वयस्क माणसाने उचलला, मागे कुत्रं भुंकत होतं. तोच प्रश्न. म्हणाला, मेल असेल तर तासाभरात पुढे पाठवतो, फोन आला तर तुम्हाला झोपेतून उठवतो. म्हणून तुमच्या घरच्या दोन माणसांचे नंबर लागतील. मग त्यानेच विचारलं, तुमच्याकडे इंग्रजीत बोलणारं रात्री कोण असतं? हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

(नंतर घातलेली ओळ: पहिल्या संस्थेने निरोपाचं उत्तर बुधवारी दिलं.)

२५ मार्च

वहिनींचा प्रश्न रास्त: तासाभराची एवढी घाई कशाला?

तपासणीमुळे. एफडीए परदेशातल्या कारखान्यांची तपासणी करते, आणि आजवर साधारणपणे आधी कळवून येत आली आहे. कायद्यात असं आहे की तपासनिसांना आत यायला नकार दिला तर त्या कारखान्याचा माल अमेरिकेत घेत नाहीत, आणि विनंती केल्यापासून चोवीस तासांत आत घेतलं नाही, किंवा ठरलेल्या दुसऱ्या वेळी घेतलं नाही, तर तो नकारच. पत्र कुणीतरी उघडलंच नाही आणि त्यामुळे उत्तर गेलं नाही, तर आम्ही नकार दिला की पत्र पाहिलं नाही हे समोरच्याला कसं कळणार?

वहिनी म्हणाल्या, "मग कुत्र्यावाला घे."

२६ मार्च

करार. त्यांचा छापील दोन पानी होता, त्यात आम्ही चार ओळी घातल्या. एफडीएकडून आलेलं काहीही त्याच दिवशी पुढे पाठवायचं, दोन ई-मेलवर. आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या वतीने कुठलंही विधान करायचं नाही. पुन्हा तपासणीची फी आली तर आम्ही भरणार, पण बिलाची प्रत आधी. काम सोडायचं असेल तर ३० दिवस आधी लेखी. शेवटची ओळ माझी: एजंट बदलला की ६० दिवसांच्या आत नोंदणीत दुरुस्ती करावी लागते, त्यामुळे तो एक दिवस अचानक गायब झालेला चालणार नाही.

त्याने एक ओळ वाढवली, ती आवडली. वर्षातून दोनदा तो आम्हाला एक चाचणी मेल पाठवणार आणि आम्ही चोवीस तासांत उत्तर द्यायचं. आम्ही त्याची परीक्षा घेत होतो, त्याने आमची लावली.

रात्री नोंदणीतल्या एजंटचं नाव बदललं.

२८ मार्च, शुक्रवार

त्याने काल होकार दिला. सकाळी मेल उघडला तर नंबर. अकरा अंकी, या वेळी खरा. ब्रोकरला पाठवला, त्याने तासाभरात 'चालू' म्हणून कळवलं. परवा पाडवा. सासूबाईंनी श्रीखंडाचा बेत जाहीर केला, चक्का टांगायला मला सांगितला.

३ एप्रिल

सकाळी बातम्यांत अमेरिकेचं नवं आयातशुल्क. भारताच्या मालावर २६ टक्के. खरेदीदाराचा फोन तासाभरात. दहा तारखेला पुन्हा बातमी, सध्या स्थगिती आणि १० टक्के. पाच टक्के तो सोसणार, पाच आम्ही. वाटाघाटीला अख्खा आठवडा गेला, पण ती या वहीतली गोष्ट नाही.

२१ एप्रिल

माल न्हावाशेवाला गेला. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार, तांबड्या समुद्रातून अजून बऱ्याच कंपन्या जात नाहीत. महिना-सव्वा महिना धरायचा.

६ मे

एजंटचा पहिला मेल पुढे आला, विषय लाल अक्षरांत: तुमची नोंदणी संपते आहे, तातडीने नूतनीकरण करा, इतके डॉलर भरा. पोटात गोळा आला. खाली त्याची एक ओळ: हे एफडीए नाही, खासगी जाहिरात आहे, २०२५ विषम वर्ष आहे, दुर्लक्ष करा.

वहिनींना दाखवला. त्या म्हणाल्या, असा एखादा २०२२ मध्येही आला असेल आणि खरा त्याच्याखाली दडला असेल.

२९ मे

ब्रोकरने आगाऊ सूचना भरली. समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी ती माल पोचायच्या किमान आठ तास आधी एफडीएला जावी लागते, त्यात आमचा नंबर असतो. मंजूर. रात्री साडेनऊला मेल, कंटेनर मोकळा झाला.

सासूबाईंनी भिंतीवरची फ्रेम उतरवली. गरुडाचा कागद काढून रद्दीत टाकला, काच पुसली. फ्रेम चांगली आहे म्हणाल्या, सागवानी आहे, सासऱ्यांचा फोटो बरोबर बसतो का बघ. अर्ध्या इंचाने मोठा आहे. कापायचा नाही म्हणतात, नवी फ्रेम करायची.

बाकी: वहिनींचा ई-मेल दुसरा संपर्क म्हणून नोंदणीत टाकणे. वीजबिलावरचं नाव बदलणे. डन्समधला तो एच. १ ऑक्टोबर २०२६ ची आठवण मोबाईलमध्ये टाकली, वहिनींनी खडूने कांडपाच्या दारामागेही लिहिली.